बीटी माणूस

“म्हंजे तू आता माणसात बीटी घालणार?” बोंडअळीनं पोखरलेली कपाशीची पऱ्हाटी मुळासकट उपटत धर्मपालनं विचारलं. लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

उर्वशीनं कपाळाला हात लावला. तीन दिवस हेच चाललं होतं. हैदराबादच्या प्रयोगशाळेत तिला पाच वर्षांच्या संशोधनाची जागा मिळाली होती. उद्यापर्यंत होकार कळवायचा होता, आणि बापाच्या तोंडून ‘जा’ काही निघत नव्हतं. त्याच्या ‘जा’शिवाय ती आजवर राळेगावच्या बाजारातही गेली नव्हती. फवारणीच्या वेळी त्याच्या तोंडाला फडकं बांधल्याशिवाय तीही त्याला वावरात पाऊल टाकू देत नसे. दोघंही एकाच मातीचे, हट्टी. त्यात गावात कोणीतरी पुडी सोडली होती, की धर्मपालची पोरगी बीटी माणसं बनवायला चालली. गावाला तेवढंच पुरतं.

“बाबा, मी काहीच घालत नाई. माणसाच्या डीएनएत काही बारीक तुकडे हायेत. वानरात नाईत, फक्त आपल्यातच. लाखो वर्षांमागं आपोआप घुसले.”

“मंग ते करतात काय?”

“बाजूच्या जीनले सांगतात, तू जास्त काम कर, तू कमी कर. पेशी किती वाढायची, कुठं थांबायची, त्यातबी त्याइचा हात असू शकते.”

“असू शकते! म्हंजे तुमालेच पक्कं ठावं नाई.”

“म्हून तं जायचं हाये. पेशीतून एक तुकडा काढाचा आन् पाहाचं, काय बदललं, काय थांबलं. तो जाग्यावर हाये तवर समजतच नाई, तो काय करत व्हता.”

“असं कुठं असते का?”

उर्वशीची नजर शेताच्या बांधाकडे, धुऱ्याकडे गेली. अळीला मारणारा जीन घातलेल्या बीटी बियाण्याच्या थैलीत दरसाल साध्या बियाण्याची एक लहान पुडी यायची. अळीला बीटीची सवय लागू नये म्हणून ती कडेनं पेरायची असते. पण अळीला खायला जागा कोण देतो? धर्मपालनंच काय, अख्ख्या गावानं ती दरवर्षी फेकून दिली.

“त्या लहान पुडीचं काम तुमाले कधी समजलं, बाबा?” ती बोलून गेली आणि लगेच तिनं जीभ चावली.

धर्मपालनं एक किडकं बोंड फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

“फेकली तवा नाई समजलं,” तो म्हणाला. “अळी बीटीले भेईनाशी झाली, तवा समजलं.”

तो धुऱ्यावर बसला. गमछ्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. उर्वशी मान खाली घालून उभी राहिली. मोडल्या पिकावर बोट ठेवून आपण बापाला दुखावलं, आता जागा गेलीच, असं तिला वाटलं.

“जाय तू,” धर्मपाल म्हणाला. “आजच कळवून टाक.”

“आन् बीटीचं?”

“बीटीचं कोण घेऊन बसलं, बाई!” त्यानं गमछा खांद्यावर टाकला. “तू तिकडं तुकडे काढून पाह्य. तू गेल्यावर या घरात काय काय थांबते, ते मी आन् तुयी माय इकडं पाहातो.”