यादीतून सुटलेली गल्ली

शिवकांतानं येतानाच ठरवलं होतं, शिवणकाम सांगायचं. समुपदेशन करणाऱ्या नव्या मॅडमनी "काय करता?" विचारलं की "ब्लाउज शिवते" म्हणून मोकळं व्हायचं. कुठल्या गल्लीत पाण्याचा टँकर जायचा त्याची यादी लिहिणारी बाई ती आपणच, हे त्या उन्हाळ्यातल्या लातुरात बोलून दाखवणं म्हणजे आपल्या हातानं मोहोळाला दगड मारणं होतं. शहराला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि किराणावाल्यापासून नणंदेच्या दिरापर्यंत सगळ्यांना टँकर हवा होता.

शिवाय ती दुसरी गोष्ट होती. मार्चच्या यादीची नक्कल करताना तिच्या हातून एक गल्ली सुटली होती. त्या गल्लीत नऊ दिवस टँकर गेला नाही. हे महापालिकेच्या ऑफिसात अजून कुणालाच माहीत नव्हतं. कळलं असतं तर नोकरी गेली असतीच, पण लोकांनी आधी घर गाठलं असतं.

आत दोन खुर्च्या होत्या आणि एक पंखा. टेबल नव्हतंच. सतरा वर्षं टेबलामागं बसलेल्या बाईला असं मोकळं बसणं अवघडच. मॅडमचं नाव महामाया. वयानं तिच्या धाकट्या बहिणीएवढ्या. नाडी बघतील, गोळ्या देतील, दहा मिनिटांत सुटका होईल, असं शिवकांताला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही.

"आपल्याकडं पाऊण तास आहे," मॅडम म्हणाल्या. "इथलं बोलणं इथंच राहतं. कुणाच्या जिवाला धोका असला तरच मला दुसऱ्या कुणाला सांगावं लागेल. तेही आधी तुमच्याशी बोलून."

चोराच्या मनात चांदणं. नऊ दिवस पाणी नसणं जिवाच्या धोक्यात धरतात का, हा विचार तिच्या डोक्यात घुसला तो निघेना. मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला. तिनं तो न बघताच दाबून बंद केला.

"काय त्रास होतो, ताई?"

"छातीत धडधड करायलंय. घास उतरत न्हाई. फोन वाजला की घाम सुटतो."

"काम काय करता?"

"शिवते. ब्लाउज."

"मग या त्रासात सुई धरता येते?"

"कुठली, मॅडम! पेन धरलं की हात लटलट कापतो."

तिनं जीभ चावली. मॅडमनी काहीच पकडलं नाही. नुसत्या बसून राहिल्या. हीच तर पंचाईत होती. त्या काही बोलल्या असत्या तर शिवकांतानं खोट्यावर आणखी एक खोटं चढवलं असतं. तिनं घड्याळाकडं पाहिलं. पाऊण तासातली अकराच मिनिटं सरली होती.

"यादी लिहिते मी," ती एकदम म्हणाली. "टँकरची. एक गल्ली सुटली माझ्याकडून. मुद्दाम न्हाई हो, आईशप्पथ. नक्कल करताना वरच्या ओळीवरनं डोळा खालच्या ओळीवर गेला. नऊ दिवस."

"मग?"

"दहाव्या दिवशी एक म्हातारी आली, नागुबाई म्हणून. भांडली न्हाई, शिव्या दिल्या न्हाईत. रिकामी घागर माझ्या टेबलावर ठेवली अन् म्हणली, 'बाई, आमचं काई चुकलं का?'"

शिवकांतानं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"मी म्हणले, 'यादी वरूनच आली, मावशे.' अन् ती मलाच म्हणली, 'तुझा काय दोष मग, लेकरा.' घागर उचलून गेली. दुपारच्याला दोन टँकर धाडले तिकडं. पण खरं सांगायला तोंड न्हाई झालं. तवापासून हे असं."

मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांचं ते गप्प राहणं आता शिवकांताला सोसवेना. तिचं काम कळल्यावर समोरचं माणूस असं गप्प झालं की पुढं टँकरची मागणी येते, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"आधी असल्याच एका सरांकडं जात होते," ती म्हणाली. "लई गोड बोलायचे. तिसऱ्या खेपेला कामाचं सांगितलं. तर म्हणले, 'आमच्याकडंबी बघा की जरा.' लावला टँकर. पुन्हा गेलेच न्हाई मी. नांदेडला कुणाला तरी दाखवावं म्हणलं, तर टंचाईत रजा देत न्हाईत."

तिची नजर मॅडमच्या मागं कोपऱ्यात गेली. तिथं पाण्याचे तीन जार एकावर एक रचलेले होते. तिन्ही कोरडे. तिला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त भीती वाटली. त्यांनी मागण्याआधी आपणच देऊन टाकावं, म्हणजे या तरी वेगळ्या निघतील अशी आस लागत नाही. तिनं पर्स उघडली, पेन काढलं आणि औषधाच्या जुन्या चिठ्ठीची मागची बाजू मांडीवर धरली.

"सांगून टाका, मॅडम. लाजायचं काय त्यात? तुमची गल्ली कोणती? उद्या सकाळचा पहिला टँकर तिकडं लावते."

मॅडमनी एकदा जारांकडं पाहिलं.

"ते मी तुम्हाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "यादीत असली तरी नाही आणि सुटलेली असली तरी नाही."