वाळूतला हात

जपानमधल्या इबुसुकीला समुद्रकाठी आमची लहानशी सराई आहे. बायको गेल्यावर योनेमोरी आजोबा पहिल्यांदाच एकटे आले. इथल्या रिवाजाप्रमाणे अंग शेकायला मी त्यांना किनाऱ्यावरच्या गरम वाळूत गळ्यापर्यंत पुरलं.

"कोणीतरी माझा हात धरलाय," ते म्हणाले.

"वाळूचा भार आहे तो, आजोबा," मी हसले.

वाळू धुऊन ते जेवायला बसले. मी भाजलेला मासा, रताळ्याचा भात आणि मिसोचं सार वाढलं. ते डाव्या हाताने कसेबसे जेवत होते. उजवा चटईवर नुसता पडून होता.

"हात दुखतोय का?"

"नाही गं. किती दिवसांनी कोणी धरलाय, सोडवत नाही."

ताट उचलायला मी वाकले. त्यांच्या उजव्या हातावर चार बोटांचे खळगे पडले होते, आणि ते हळूहळू खोल होत होते.