चैत्रगौरीचा पेपर

खोलीला आतून कडी नव्हती, म्हणून सीमंतिनीने दार नुसतं लोटून घेतलं होतं. टेबलावर लॅपटॉप, बाकी काही नाही. भिंतीवरचा आरसाही सकाळीच उतरवून बाहेर ठेवलेला. कुठल्याशा दूरच्या शहरात बसलेला परीक्षक लॅपटॉपच्या डोळ्यातून तिच्यावर नजर ठेवून होता. परदेशात एम.ए.ला प्रवेश हवा तर ही इंग्रजीची परीक्षा द्यायची, आणि घरून द्यायची तर खोलीत दुसरं माणूस येता कामा नये. आलं, की परीक्षा तिथेच बंद.

"एकदाच देऊन बघ," नवरा म्हणाला होता. "नाही जमलं, तर आपल्या घरात हा विषय संपला."

आणि जमत होतं! व्याकरणाचा भाग तिने चुटकीसरशी उरकला होता. आता शब्द. हे शब्द तिने पोळ्या लाटताना पाठ केले होते, माहेरच्या ओव्यांच्या चालीवर. ॲबेट म्हणजे ओसरणं गं बाई, ॲडॉर्न म्हणजे सजवणं. शब्द समोर आला की आधी चाल यायची, मागोमाग अर्थ. ओठ हलवायची सोय नव्हती, म्हणून ती मनातल्या मनात गात होती.

बाहेर दिवाणखान्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू चाललं होतं. ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम वसाहतीतल्या झाडून साऱ्या मराठी बायका आल्या होत्या. सासूबाई, शालिनीताई, दारातच प्रत्येकीला दटावत होत्या, "हळू गं, आमची सून पेपर देते आहे. इंग्रजीचा!" आज त्यांनी कुकरसुद्धा लावला नव्हता, शिट्टी होईल म्हणून.

तरी कुसुमताईंचा आवाज दाराआड पोचलाच. "काय गं शालिनी, घरची सवाष्ण आत कोरड्या कपाळाने बसलीय, आणि आम्हाला कुंकू लावतेस? आधी घरची, मग दारची. ग्वाल्हेरात राहून रीत विसरलीस?"

"काकू, वहिनीचा पेपर चल रहा है ना," शेजारची शिखा म्हणाली. "नंतर लावून घेतील."

"गौर काय नंतर येते?"

सीमंतिनीची बोटं थबकली. मग तिने स्वतःलाच समजावलं. सकाळी सासूबाईंचा हात हातात घेऊन तिने सांगितलं होतं, 'आई, कोणी म्हणजे कोणी आत यायचं नाही.' त्याही मान डोलावून 'बरं बरं' म्हणाल्या होत्या.

तिने पुढचं वाक्य वाचलं. गाळलेली जागा होती, खाली पाच शब्द. चाल सुरू झाली.

दार हललं.

शालिनीताई चवड्यांवर चालत आल्या. आवाज होऊ नये म्हणून बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, हातात तबक. सीमंतिनीने मान न वळवता टेबलाखालून हात हलवला, नको, नको. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि लाडाने हसल्या. मी नाही हो बोलायची! मग तिच्या कपाळाला हळद लावली, वर कुंकू. ओढणीत भिजवलेले हरभरे घातले, डोक्यावरून हात फिरवला, आणि आल्या तशाच चवड्यांवर निघून गेल्या. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

"तुमच्या खोलीत कोण आलं होतं?" लॅपटॉपमधून आवाज आला.

"माझ्या सासूबाई," ती इंग्रजीत म्हणाली. "त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त..."

फक्तच्या पुढचं तिला इंग्रजीत सांगता येईना. इतके शब्द पाठ केलेले, त्यातला एकही धावून आला नाही.

परीक्षकाने माफी मागितली. नियम वाचून दाखवला. पडदा पांढरा झाला.

ती बाहेर आली तेव्हा पन्हं वाटणं चालू होतं.

"इतक्यात झाला?" शालिनीताईंनी विचारलं.

"बंद केला त्यांनी. तुम्ही आत आलात म्हणून. आई, मी सकाळी सांगितलं होतं."

"अगं, कोणी म्हणजे बाहेरचं! मी का परकी आहे?" त्यांनी डाळीची वाटी तिच्या हातात दिली. "आणि एक शब्द तरी बोलले का मी? जाऊ दे. नसेल गौरीच्या मनात. हे घर आहेच की तुझं."

बोलण्यात नुसती माया होती. म्हणून तर सीमंतिनीला ओरडताही येईना.

"मोकळी झालीस ना, मग नाव घे," कुसुमताई म्हणाल्या. "इंग्रजीत घे बाई, आम्हाला कळलं नाही तरी टाळ्या वाजवू!"

सगळ्या खिदळल्या. सीमंतिनी गौरीसमोर उभी राहिली.

"गौर झुलते पाळण्यात, ओटी भरली हरभऱ्यांनी,
लोटलं होतं दार मी, ते उघडलं घरच्यांनी.
वाट होती समुद्रापार, पाऊल थांबलं उंबऱ्यात,
अंबरीशरावांचं नाव घेते, राहते त्यांच्याच घरात."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वाऽ! उंबऱ्यात थांबलं म्हणे!" कुसुमताईंनी पदराने डोळे टिपले. "संस्कार म्हणतात ते हेच."

शालिनीताईंनी लगबगीने फोन काढला.

"पुन्हा म्हण गं. अंबरीशला पाठवते."

सीमंतिनीने ओढणी सारखी केली आणि पुन्हा म्हटलं, पहिल्यापासून.