दुसरीचा आवाज

मामांच्या छातीत अधूनमधून कळ यायची, म्हणून भाचीने त्यांना, ती जिथे टेक्निशियन होती, त्याच स्कॅन सेंटरमध्ये आणलं.

"चिरफाड नाही, नळी घालणं नाही. हाताला एक सुई, की हृदयाच्या रक्तवाहिन्या थेट पडद्यावर. यंत्र सांगेल तेव्हा श्वास रोखायचा, सांगेल तेव्हा सोडायचा."

"हे तर तुझी मामी रोज करवून घेते," मामा म्हणाले.

पहिलं चित्र हललेलं आलं. काचेपलीकडून तिने माइकवर विचारलं, "मामा, मध्येच श्वास सोडलात का?"

"अगं, गोंधळलो. आत दोन बायका बोलतात. एक म्हणते रोखा, तर दुसरीचं भलतंच. ऐकायचं कुणाचं?"

यंत्रात एकाच बाईचा आवाज भरलेला होता. भाची हसली.

"पहिलीचंच ऐका."

टेबल पुन्हा आत सरकलं. या वेळी चित्र स्वच्छ आलं. रक्तवाहिन्यांत कुठे अडथळा दिसत नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला.

"श्वास सोडा," यंत्र म्हणालं.

मामांची छाती हलली नाही.

"मामा, झालं. सोडा श्वास."

छाती हललीच नाही. मॉनिटरवर ठोके मात्र संथ, शांत पडत होते.

ती दार ढकलून आत धावली आणि त्यांचा खांदा गदागदा हलवू लागली. मामांनी डोळे उघडले, तिच्याकडे बघून मायेने हसले. छाती तशीच होती, दगडासारखी.

"शू," ते म्हणाले. "दुसरी अजून सोडा म्हणाली नाही."