हवेचा काटा

नागपूरकडे येताना घाटाचा उतार लागताच कवडूनं सवयीनं इंजिन बंद केलं. जुन्या ट्रकवर तो वर्षानुवर्षं असंच डिझेल वाचवत आला होता. म्हणून तर मालकांनी, भैय्याजींनी, एअरब्रेकची ही कोरी गाडी त्याला दिली होती. आज ते शेजारीच बसले होते. त्यांच्या पुढे तोच जुना ट्रक कवडूचा धाकटा भाऊ लहानू चालवत होता. कवडूनं वळणावळणाला ब्रेक दाबला आणि हवेचा काटा शून्याकडे घसरला. इंजिनाशिवाय ब्रेकची हवा भरेना, ब्रेक लागेना; चावी फिरवली तरी इंजिन धरेना, गिअर पडेना. त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. लहानूनं आरशात पाहिलं, पण बाजू दिली नाही; वेग जुळवून त्यानं भावाची गाडी आपल्या ट्रकच्या मागच्या फाळक्यावर टेकवून घेतली आणि दोन्ही गाड्या करकचत थांबवल्या. "इंजन काहून बंद केलं गा?" भैय्याजी ओरडले. कवडूनं हॉर्न सोडला. "तुमचंच डिझेल वाचवून राहिलो होतो, भैय्याजी."