भोपळ्याने ऐकलेलं

दुरुस्तीला आलेल्या तंबोऱ्याचा भोपळा न ऐकताच पुसायचा, हा मिरजेच्या कारागिरांचा शिरस्ता दस्तगीरभाईंनी कधी मोडला नव्हता. नव्या लेपाचे भोपळे आजूबाजूचं सगळं बोलणं साठवून ठेवत, आणि गवयांचं खासगी बोलणं म्हणजे अमानत, असं ते मानत.

पण आज दुकानातला टीव्ही सकाळपासून कोकलत होता. गायिका इरावती सावर्डेकर परवा भर मैफलीतून उठून गेली, कारण म्हाताऱ्या पेटीवाल्या वामनरावांचा सत्कार तिला बघवला नाही म्हणे!

‘‘या पोरीला मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतो, ती असं करायची नाही,’’ असं चिडून म्हणत दस्तगीरभाईंनी दुरुस्तीला आलेल्या तिच्याच तंबोऱ्याला ऐकायची सुई लावली.

भोपळ्यातून इरावतीचा आवाज आला. मागे तंबोरा धरून बसलेल्या शिष्येशी ती कुजबुजत होती, ‘‘अगं, वामनकाका शाल घ्यायला उठले आणि त्यांचं धोतर सुटतंय! मी तरातरा निघून जाते, सगळे माझ्याकडे बघतील. कुणाला सांगायचं नाही हं.’’

दस्तगीरभाईंनी वामनरावांना बोलावून ते ऐकवलं. वामनराव आधी लाजले, मग डोळे पुसत म्हणाले, ‘‘आणि मी समजत होतो, पोरगी माझ्यावर रुसली! द्या हे टीव्हीवर.’’

‘‘अहो, धोतराचा गावभर बोभाटा होईल!’’

‘‘होऊ दे की!’’

संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांसमोर वामनरावांनी ती कुजबुज स्वतः ऐकवली आणि इरावतीला शेजारी बसवून पेटी उघडली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पँट घातली होती, आणि वर पट्टाही आवळला होता.