टर्बोला जागा

"मुरुगाने स्वतः येऊन ढकलला ना, तरी हा टर्बो इथे मावायचा नाही!" वेळ्ळिंगिरींनी बॉनेटखालून डोकं बाहेर काढून निकाल दिला.

"मावेल, अप्पा," कुयिली म्हणाली. पोरीचा हट्ट बापावरच गेला होता.

त्या जुन्या लाल गाडीच्या बॉनेटखाली मुंगीनेही वाट पुसत जावं, इतकी दाटी. एक्झॉस्ट उजवीकडे. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो बसायचा तो त्यालाच चिकटून. आणि नेमका तिथूनच स्टिअरिंगचा दांडा खाली उतरत होता. टर्बो तापून निखारा होणार. त्याच्या अंगाला दांडा लागला की संपलंच.

"पुढे घे, रेडिएटरजवळ."

"तिथे बॅटरी आहे."

"मग काय माझ्या डोक्यावर बसवतेस?"

"नाही. स्टिअरिंगच डावीकडे नेते."

वेल्डर अंथोणीच्या हातातली हातोडी थांबली. "कण्णू, पोरी, हे कोईमतूर आहे, अमेरिका नव्हे!"

"रस्त्यावर कुठे न्यायचीय, अण्णा? ट्रॅकवरच पळायचंय ना? तैपूसमचा सण झाला की रविवारी शर्यत. लागा कामाला!"

वेळ्ळिंगिरी कॉफीचा पेला घेऊन कोपऱ्यात बसले. एके काळी ट्रॅकवर त्यांचं नाव पुकारलं की लोक कुंपणावर चढत. मग तो अपघात झाला. डावा हात वाचला, पण अर्धाच. स्टिअरिंगवर टेकून राहायचा. गिअर ओढायला गेला की लटपटायचा. थोडे दिवस झगडून त्यांनी ड्रायव्हरची जागा सोडली ती कायमचीच. शेडमध्ये येत, चुका काढत, घरी जात.

"चालवणार कोण?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ठरलाय एक जण. तिरसट आहे थोडा. पण वळण घेतो ते बघत राहावं."

असेल चेन्नईचा कुणी टिकोजीराव! वेळ्ळिंगिरींना कॉफी कडू लागली.

पण कामाने असा वेग घेतला की रुसायलाही सवड मिळेना. स्टिअरिंग डावीकडे गेलं, पेडल गेली. टर्बो आपल्या जागी बसला. नळी पुढच्या जाळीपाशी गेली, तिथल्या इंटरकूलरमध्ये हवा गार झाली आणि दुसऱ्या नळीने वळसे घेत इंजिनात शिरली. कुठे बोटभर, कुठे नखभर फट. "आणखी थोडी वाकव! अगं, घासेल ती!" कोपऱ्यातूनच ओरडून ओरडून वेळ्ळिंगिरींचा घसा बसला.

शुक्रवारी सकाळी कापूर पेटला. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. कुयिलीने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली, मग बॉनेटखाली वाकून रेस दिली. आधी इंजिनाचा खर्ज घुमला. मग हरिदासाने उत्तररंगात वरचा षड्ज लावावा तशी टर्बोची शिट्टी चढली, चढत गेली, आणि शेडचे पत्रे झांजांसारखे किणकिणले. अंथोणीने छातीवर क्रूस काढला. वेळ्ळिंगिरींच्या तोंडून "मुरुगा, मुरुगा!" निघालं. वय विसरून ते बॉनेटवर ओणवे झाले.

आणि थबकले. रेडिएटरजवळ चांगली ऐसपैस मोकळी जागा होती.

"बॅटरी कुठाय?"

"डिकीत."

"कधी नेलीस?"

"त्याच दिवशी संध्याकाळी."

"म्हणजे टर्बो इथे आरामात मावत होता!" त्यांचा बसका आवाज फुटला. "मग एवढा घाम गाळून स्टिअरिंग कशाला हलवलंस गं, बाई?"

 कुयिलीने गाडीचं डावं दार उघडलं. सीट उंच माणसाच्या बेताने मागे सरकवलेली होती. गिअरचा दांडा सीटच्या उजव्या अंगाला होता.

"बसा, अप्पा. लिंबं खोळंबलीत," ती म्हणाली. "उजवा हात तर धड आहे ना तुमचा?"